टी पेशींची खंडेनवमी

शलाका निलजकरच्या पेशी चौथ्या वर्षीही शांतच होत्या.

शांत म्हणजे साध्यासुध्या शांत नव्हेत. लग्नाच्या पंगतीत तिसऱ्यांदा जिलेबी घेऊन मग भिंतीला टेकून बसलेल्या माणसांसारख्या शांत. त्यांच्यावर औषध घाला, दुप्पट घाला, रात्रभर ठेवा, दोन रात्री ठेवा, ढिम्म. आणि शलाकाची पीएच.डी. त्यांच्या चिडण्यावर अवलंबून होती.

इलेक्ट्रॉनिक सिटीचा उड्डाणपूल संपल्यावर रिक्षावाले जिथे यायलाच तयार नसतात, तिथे ही संशोधन संस्था होती. संस्थेचं नाव इतकं लांब की त्या फलकामागे पहिल्या मजल्यावरच्या दोन प्रयोगशाळांना उजेड येत नसे. त्यातल्या एका अंधाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते डॉ. मोहनकुमार, म्हणजे शलाकाचे गाइड. त्यांचं मराठी घराणं इतक्या पिढ्यांपूर्वी बेंगळुरूत येऊन बसलं होतं की मूळ गाव कोणतं असं विचारलं तर घरातली माणसं वेगवेगळ्या दिशांना बोट दाखवत. सर कौतुक इंग्रजीत करत, रागवत मराठीत, आणि मशीन बंद पडलं की त्याची समजूत कन्नडात घालत. शलाका निपाणीची, तिला तिन्ही भाषा यायच्या. पण चार वर्षांत कौतुक काही वाट्याला आलं नव्हतं, त्यामुळे सरांचं इंग्रजी कसं आहे याची तिला कल्पना नव्हती.

मोहनकुमारांच्या आयुष्याचं काम म्हणजे एमके-नऊ नावाचा एक रेणू. एमके म्हणजे मोहनकुमार. एक ते आठ पाण्यात विरघळलेच नव्हते.

आता या एमके-नऊने करायचं काय होतं, ते शलाका घरी फोनवर सांगायची तसं सांगतो. टी पेशी म्हणजे आपल्या रक्तातली नुकतीच बारावी झालेली मुलं. अंगात रग भरपूर, पुढे काय व्हायचं ते ठरलेलं नाही. कुणी पेशींच्या आत लपलेल्या जंतूंशी लढणारी होते. कुणी पोटातल्या जंतांच्या मागे लागते, आणि जंत नसले तर धुळीच्या नावाने शिंका काढत बसते. कुणी सतरा नंबरची होते. ही दिसेल तिथे आग लावते. आणि कुणी समजूतदार होते, जी सगळ्यांना ‘जाऊ द्या हो, कशाला वाढवायचं’ म्हणत फिरते. पण यातलं काय व्हायचं ते मूल स्वतः ठरवत नाही. ते ठरवतात घरातल्या थोरल्या पेशी. या थोरल्या फारशा शिकलेल्या नसतात. त्यांच्या अंगावर जन्मजात रिसेप्टर असतात, आणि एकेक रिसेप्टर एकेकच गोष्ट ओळखतो. त्यातला चार नंबरचा रिसेप्टर ओळखतो एका जातीच्या जंतूंचा तेलकट कोट. कोटाच्या आत जंतू आहे की नाही, जिवंत आहे की मेला, ही चौकशी तो करत नाही. दारात चपला दिसल्या की पाहुणे आले म्हणून चहाचं आधण ठेवणाऱ्या आत्याबाईसारखा तो असतो. चपला दिसल्या की ओरडला. थोरली पेशी ओरडली की पोरं हातातलं टाकून सतरा नंबरची होतात.

‘टोल’ हा शब्द त्या रिसेप्टरच्या नावात असल्यामुळे शलाकाला आजवर प्रत्येक नातेवाइकाने उड्डाणपुलावर एका खेपेला किती घेतात हे विचारलं होतं. तिने ते सांगितलंही होतं.

तर एमके-नऊने या थोरल्या पेशींना ओरडायला लावायचं होतं. ते जमलं असतं तर एखाद्या मरगळलेल्या लसीत चिमूटभर एमके-नऊ घातलं की लस ताडकन उठून बसली असती. प्रत्यक्षात एमके-नऊ घातलं तरी थोरल्या पेशी गप्पच राहत आणि धाकट्या होत्या तशाच समजूतदार.

“काय मा हे, शलाका,” मोहनकुमार मराठीत म्हणायचे. “सगळ्या तुझ्यासारख्याच कशा निघाल्या? एकीला तरी स्वल्प राग येऊ दे.”

“मला येतो सर राग.”

“तो नको. पेशींना.”

मार्चअखेर शलाकाची नोंदणी संपत होती. दोन मुदतवाढी खाऊन झाल्या होत्या, तिसरी विद्यापीठ देत नाही. मार्चअखेर सरांच्या सहीसकट प्रबंध गेला नाही, तर इतकी वर्षं जमेला शून्य आणि शलाका पुन्हा नुसती एम.एस्सी. निपाणीत तिच्या आईने, अहल्याबाईंनी, ‘आमची शलाका डॉक्टर होऊलीय’ हे जितक्या घरी सांगितलं होतं तितक्या घरी जाऊन ते परत घ्यावं लागलं असतं. त्यातल्या बऱ्याच घरी पेढेही खाऊन झाले होते.

मग खंडेनवमी आली.

बेंगळुरूत तिला आयुधपूजा म्हणतात आणि त्या दिवशी शहरातल्या एकाही यंत्राची पूजेतून सुटका नसते. बसला केळीचे खुंट, रिक्षाला झेंडूच्या माळा, आयटीवाल्यांच्या सर्व्हरला कुंकू, आणि प्रत्येक फाटकासमोर फोडलेला कोहळा, ज्यावरून दुसऱ्या दिवशी पूजा झालेल्याच गाड्या घसरतात. संस्थेतली पूजा गुंडूराव करायचे. ते उपकरण विभागाचे सुपरिंटेंडेंट. बसवनगुडीत त्यांचं जुनं घर, घरामागे विहीर, आणि त्या विहिरीविषयी त्यांना जो अभिमान होता तो संस्थेतल्या कुणाला स्वतःच्या संशोधनाविषयी नव्हता. घटस्थापनेला भरून देवापुढे ठेवलेलं विहिरीचं पाणी ते नवमीला पंचपात्रातून घेऊन यायचे आणि सेंट्रिफ्यूजपासून झेरॉक्स मशीनपर्यंत सगळ्यांवर शिंपडायचे. त्या वर्षी मोहनकुमारांनी एमके-नऊची नव्याने केलेली बाटलीही पूजेत मांडली. प्रत्येकाने आपलं हत्यार मांडायचं असतं, आणि सरांकडे दुसरं हत्यार नव्हतं.

शलाकाने नमस्कार केला, चुरमुरे खाल्ले आणि सोमवारी त्या बाटलीतलं एमके-नऊ पेशींवर घातलं.

पेशी पेटल्या.

थोरल्या पेशी बोंब मारून उठल्या. धाकट्यांनी समजूतदारपणा सोडला आणि झुंडीने सतरा नंबरच्या झाल्या. शलाकाने तोच प्रयोग पुन्हा केला. पुन्हा पेटल्या. शेजारच्या ताटल्यांत एमके-नऊ नव्हतं, तिथे सगळं गार. कुठे जंतू शिरलेत का म्हणून तिने बघितलं. एक जंतू नाही, द्रावण स्वच्छ. असणारच. एमके-नऊ पेशींवर घालण्यापूर्वी ती दर वेळी जंतू अडकतील एवढ्या बारीक फिल्टरमधून गाळून घ्यायची. त्या बाबतीत ती निपाणीची होती, दूधसुद्धा दोनदा गाळायची.

तिने सरांना आलेख दाखवला. सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि म्हणाले, “एक्सलंट.”

सरांचं इंग्रजी चांगलं होतं.

पुढचे दोन महिने फार छान गेले. पेपर लिहून एका मोठ्या परदेशी जर्नलला धाडला. संस्थेने थोरल्या पेशीच्या आकाराचा केक मागवला. बेकरीवाल्याने फांद्या-फांद्यांची ती पेशी इतकी मन लावून केली की संचालकांनी कापताना विचारलं, “ऑक्टोपस कशाला?” मोहनकुमारांनी बाटलीला हार घातला आणि तिच्या शेजारी उभं राहून फोटो काढला, फोटोत हार नक्की कुणाला घातलाय ते कळत नव्हतं. एका कंपनीची माणसं येऊन बाटलीकडे आदराने बघून गेली. अहल्याबाईंनी निपाणीत राहिलेल्या घरांनाही सांगून टाकलं.

जानेवारीत जर्नलचं उत्तर आलं. परीक्षकांना काम आवडलं होतं. त्यांची एवढीच विनंती होती की एमके-नऊ नव्याने करून तोच प्रयोग पुन्हा दाखवावा.

जुनी बाटली संपतच आली होती. शलाकाने नवी केली. पेशींवर घातली. पेशी समजूतदारच राहिल्या.

पुन्हा केली. समजूतदार. तिसऱ्यांदा केली तेव्हा तर त्या आधीपेक्षाही समजूतदार वाटल्या.

मोहनकुमार विज्ञानाचे माणूस होते, त्यामुळे त्यांनी पद्धतशीर विचार केला.

“ऑक्टोबरात तू कुठला ड्रेस घातला होतास?”

“पिवळा कुर्ता, सर.”

“तो घालून ये. आणि सकाळी काय खाल्लं होतंस?”

“उद्दिनवडा. कॅन्टीनचा.”

“ते उद्या नको. परवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.” सर गंभीरपणे म्हणाले. “कुर्ता आणि वडा एकदम बदललास तर कशाने गुण आला ते कळणार कसं?”

त्याप्रमाणे सोमवारी कुर्ता झाला, मंगळवारी वडा झाला, शुक्रवारी दोन्ही एकत्र झाले. मध्ये एकदा शलाकाला पिवळा कुर्ता घालून वडा न खाता नुसतं बघायला लावलं, कारण प्रत्येक प्रयोगाला कंट्रोल हवा. पेशी गार त्या गारच. सर म्हणाले, चंद्राचा काही संबंध असेल. मग म्हणाले, नाही, चंद्र म्हणजे अंधश्रद्धा. आपण एसीचं तापमान बघू.

फेब्रुवारी लागला. एका दुपारी शलाका शीतकपाटासमोर जमिनीवर बसली आणि जुनी, रिकामी झालेली बाटली हातात घेऊन बघू लागली. सरांनी ती टाकू दिली नव्हती. हारासकट जपून ठेवली होती. हार आता बाटलीपेक्षाही सुकला होता. तिने तो काढला. लेबलावर कुंकवाचं बोट. ठीक. तिने बाटली उलटी करून उजेडाकडे धरली, म्हणजे फलक आणि खिडकी यांच्या फटीतून जेवढा येतो तेवढ्या उजेडाकडे.

आत तळाशी, काचेला चिकटून, एक तुळशीचं पान होतं.

शलाका बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली. एमके-नऊच्या रासायनिक सूत्रात तुळस नव्हती. ते सूत्र तिला झोपेतही येत होतं.

गुंडूराव तळमजल्यावर एका वजनकाट्याची दुरुस्ती बघत बसले होते.

“अण्णा, नवमीला सरांच्या बाटलीला काय केलंत?”

“काय केलं म्हणजे? कुंकू लावलं, अक्षता घातल्या.”

“तीर्थ शिंपडलं?”

“शिंपडलं?” गुंडूरावांना त्या शब्दाचा अपमान वाटला. “शलाकम्मा, शिंपडायचं ते झेरॉक्स मशीनवर. ही सरांची जन्माची तपश्चर्या. तिला बाहेरून शिंपडून कसं चालेल? मी झाकण काढलं आणि चांगली एक पळी आत दिली. तुळशीसकट.”

“आत?”

“आत. पुन्हा झाकण घट्ट लावलं हो. मला स्वच्छता कळते.”

शलाका पायरीवर बसली. सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं. तीर्थ म्हणजे विहिरीचं पाणी, नऊ दिवस देवापुढे तांब्यात. त्यात तेलकट कोटवाले जंतू असणारच. तिच्या फिल्टरने जंतू अडवले, म्हणून ताटलीत एक दिसला नाही. पण कोटाचे सुटे तुकडे त्या छिद्रांतून आरामात जातात. म्हणजे पाहुण्यांना तिने फाटकाबाहेर अडवलं आणि त्यांच्या चपला स्वतःच्या हाताने दारात आणून मांडल्या. चार नंबरच्या आत्याबाईंनी चपला बघितल्या आणि तीन महिने चहा टाकत राहिल्या.

“काय झालं मा?” गुंडूरावांनी विचारलं. “गुण आला ना?”

“फार आला, अण्णा.”

“मला माहीत होतं.”

मोहनकुमारांना हे मराठीतच सांगावं लागणार होतं. तिने सांगितलं. सर ऐकत असताना एकेक पायरी खाली उतरल्यासारखे खुर्चीत उतरत गेले. मग एकदम वर आले.

“पान काढून टाक.”

“काढलं तरी पेपर खोटा राहतो, सर.”

“एका पळीने काय होतं? सुम्ने उगाच काहीतरी बोलू नको. एमके-नऊ आणि तीर्थ दोघांनी मिळून केलं असेल. सहकार्य!”

“तेच तपासायचं म्हणते मी. तीर्थ वेगळं, एमके-नऊ वेगळं.”

“आणि मार्चअखेर?”

हा प्रश्न शलाकाला पायरीवरच पडला होता. गप्प राहिली तर प्रबंध तयार होता, आलेख रंगीत होते, सर आनंदाने सही करणार होते, आणि ती एका तुळशीच्या पानाच्या जोरावर जन्मभर डॉक्टर राहणार होती. उद्या कुणी ते औषध खरंच लसीत घातलं असतं तर? प्रत्येक कुपीबरोबर गुंडूरावांना पाठवावं लागलं असतं.

“तीन आठवडे द्या, सर. एमके-नऊत दम असेल तर ते एकटंही जिंकेल.”

या वाक्याने सर पाघळले. एमके-नऊ एकटं जिंकेल याबद्दल जगात ज्या एका माणसाला खात्री होती, ते तेच होते.

गुंडूराव प्रयोगाला तयार झाले, पण अटी घालून. तीर्थ सोवळ्यात आणणार, मंत्र ते स्वतः म्हणणार, घंटा त्यांची स्वतःची. शलाकाच्याही अटी होत्या. हातमोजे, मास्क, आणि घंटा आत न्यायच्या आधी स्पिरिटने पुसायची.

“घंटेला स्पिरिट?” गुंडूराव हादरले. “दारू ती.”

“पिण्याची नव्हे, अण्णा.”

“मग सरी, चालेल.”

ते काचेच्या पेटीसमोर बसले. निळे हातमोजे, हिरवा मास्क, कपाळावर गंध. पहिलाच पेच पडला तो मास्कमधून म्हटलेला मंत्र धरायचा की नाही यावर. मोहनकुमारांनी थोडा विचार करून निकाल दिला की मास्क थुंकी अडवतो, आवाज अडवत नाही, सबब मंत्र पोचतो. हे त्यांनी प्रयोगाच्या वहीत लिहायलाही लावलं.

शलाकाने ताटल्या मांडल्या. एकीत इंजेक्शनचं शुद्ध पाणी. एकीत तेच पाणी, मंत्र म्हणून. एकीत मंत्र म्हटलेलं तीर्थ.

“आणि हे?” गुंडूरावांनी पुढच्या बाटलीकडे बोट केलं.

“तीर्थ, मंत्राशिवाय.”

“मंत्राशिवाय ते तीर्थ कसं? ते विहिरीचं पाणी.”

“तेच लिहिलंय लेबलवर, अण्णा. विहिरीचं पाणी.”

गुंडूरावांनी लेबल वाचलं आणि मास्क नीट केला.

त्यापुढे एकीत उकळलेलं तीर्थ. एकीत तीर्थ आणि शिवाय जंतूंच्या कोटाला घट्ट मिठी मारून बसणारं एक औषध, म्हणजे चपला पोत्यात भरून पोत्याचं तोंड शिवल्यासारखं. एका ताटलीत तीर्थ तेच, पण थोरल्या पेशी अशा उंदरांच्या की ज्यांना चार नंबरचा रिसेप्टर जन्मतःच नाही. त्या तिने शेजारच्या, म्हणजे दुसऱ्या अंधाऱ्या प्रयोगशाळेतून मागून आणल्या. आणि सगळ्यात शेवटी एमके-नऊ. ताजं, एकटं, कुंकवाशिवाय.

धाकट्यांनी काय व्हायचं ते ठरवेपर्यंत चार-पाच दिवस जातात. तेवढ्या दिवसांत मोहनकुमार अनेकदा इन्क्युबेटरपाशी येऊन काचेतून शेवटच्या ताटलीकडे बघून गेले. एकदा ते तिच्याशी कन्नडात काहीतरी हळू बोललेही. शलाकाने ऐकलं नाही असं दाखवलं.

निकालाच्या दिवशी तिघेही मशीनपुढे बसले.

शुद्ध पाणी, गार. मंत्र म्हटलेलं शुद्ध पाणी, गार. तीर्थ, आग. विहिरीचं पाणी, तेवढीच आग. उकळलेलं, जवळजवळ तेवढीच, कारण उकळून जंतू मरतो, त्याच्या कोटाला काही होत नाही. पोत्यात भरलेल्या चपला, गार. चार नंबर नसलेले उंदीर, गार. तिथे आत्याबाईच घरी नव्हत्या.

“थांबा,” गुंडूराव म्हणाले. “मंत्र म्हटलेलं आणि न म्हटलेलं, दोन्ही पेटले?”

“हो, अण्णा.” शलाकाने शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं.

“म्हणजे मंत्र न म्हणतासुद्धा गुण येतो!” गुंडूरावांचा चेहरा उजळला. “बघा सर, विहीरच तशी आहे. माझे आजोबा सांगायचे, मी विश्वास ठेवला नव्हता.”

“अण्णा, त्यात जंतूंचे कोट आहेत.”

“मी जन्मभर पितोय. मला का काही झालं नाही?”

“तुमच्या पोटातल्या पेशींना सवय आहे. त्या दारात रोज चपला बघतात, म्हणून उठत नाहीत.”

“म्हणजे समजूतदार.”

“समजूतदार.”

“आमच्या घरात सगळे तसेच,” गुंडूराव म्हणाले आणि समाधानाने मास्क काढला.

मोहनकुमार यातलं काही ऐकत नव्हते. ते शेवटच्या आलेखाकडे बघत होते. एमके-नऊच्या आलेखावर एक सरळ, आडवी रेघ होती. तिच्यात चढ नव्हता, उतार नव्हता, ती थरथरतही नव्हती.

सरांनी त्याच संध्याकाळी जर्नलला कळवून पेपर मागे घेतला; हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. कंपनीच्या माणसांनाही कळवलं. मग ते केबिनमध्ये गेले आणि फलकाच्या मागच्या बाजूकडे बघत बसले.

शलाकाने प्रबंध नव्याने लिहायला घेतला. विषय तोच राहिला. जन्मजात रिसेप्टर टी पेशींना कुठल्या वाटेला लावतात, हाच. फरक एवढाच की आता तो खरा होता. चार नंबरचा रिसेप्टर असला की धाकट्या सतरा नंबरच्या होतात, नसला की होत नाहीत, आणि मधला प्रत्येक दुवा तिच्या हातात होता. पूर्वीपेक्षा प्रबंध बारीक झाला, पण तो हातात धरताना लाज वाटत नव्हती. मार्च संपत आला तेव्हा छापून बांधून झाला. राहिली सही.

सर सही करेनात. नाही म्हणत नव्हते. पेन नाही म्हणाले, पेन दिलं. उद्या बघू म्हणाले, उद्या आला. पोट बिघडलंय म्हणाले. तेव्हा गुंडूरावांनी विहिरीचं पाणी देऊ केलं आणि सर त्यांच्यावर ओरडले.

अहल्याबाईंचा फोन यायचा. “काय करूलैस?”

“सही होईना गं, आई.”

“एवढी वर्षं घालवून शोधलंस तरी काय शेवटी?”

“गुंडूरावांच्या विहिरीत जंतू आहेत.”

“हे मी लोकांना कसं सांगू, ते तूच सांग,” अहल्याबाई म्हणाल्या.

शेवटच्या दिवशी शलाका केबिनमध्ये शिरली, ती सहीचं पान उघडूनच. सरांनी प्रबंध हातात घेतला, चाळला, आणि मराठीत म्हणाले, “सगळीकडे तीर्थ. गुंडूरावांचे आभार दोन पानं. माझ्या एमके-नऊविषयी एक शब्द नाही. अठरा वर्षं घातली मी त्यात. काय केलं त्याने, सांग ना. तूच सांग.”

“काहीच नाही केलं, सर.”

“मीठ चोळायला आलीस?”

“नाही सर, नीट ऐका. काहीच नाही केलं. थोरल्या पेशींना नाही, धाकट्यांना नाही, मला मिळाले तेवढ्या सगळ्या रिसेप्टरांपुढे धरून बघितलं. आपल्या मिठाच्या पाण्यानेसुद्धा रेघ थोडी हलते. प्लास्टिकच्या ताटलीने हलते. परवा मी शिंकले तेव्हा हलली. एमके-नऊने हलली नाही. सर, प्रत्येक प्रयोगाला काहीच न करणारी एक वस्तू लागते, कंट्रोल म्हणून. आणि खरोखर काहीच न करणारी वस्तू मिळत नाही. सगळ्या थोडंथोडं काहीतरी करतात.” तिने पानं उलटली. “पाचवं प्रकरण पूर्ण एमके-नऊवर आहे. तुम्ही तिथपर्यंत आला नाहीत.”

सरांनी पाचवं प्रकरण उघडलं. आडव्या रेघा. पानांमागून पानं आडव्या रेघा. ते खुर्चीत एकेक पायरी वर चढू लागले.

“परफेक्टली,” ते म्हणाले. “परफेक्टली इनर्ट.”

शलाकाने श्वास सोडला. सर इंग्रजीत गेले होते.

“नोबडी हॅज धिस,” मोहनकुमार उभे राहिले. “नोबडी इन द वर्ल्ड! एव्हरी लॅब विल नीड इट!” त्यांनी खिडकी उघडली आणि फलकाच्या पाठीकडे हात पसरले. अठरा वर्षं ज्याला नालायक म्हटलं तो मुलगा एकाएकी निर्व्यसनी निघावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता. मग ते बसले आणि त्यांनी सही केली. मोठी, दोन ओळींची, खाली रेघ मारलेली. रेघ अगदी सरळ आणि आडवी होती.

ओली शाई वाळतेय तोच दारात गुंडूराव उभे. हातात पंचपात्र, पळी, तुळस. चांगलं काम आहे असं कळलं की ते बोलावण्याची वाट बघत नसत.

त्यांनी टेबलावरचा प्रबंध बघितला. विद्यापीठाची बस पाच मिनिटांत सुटणार होती. गुंडूरावांनी मुखपृष्ठ आदराने उघडलं, सहीचं पान शोधलं आणि पळी भरून वर धरली.

“आत देऊ?” त्यांनी विचारलं.

“बाहेर!” सर आणि शलाका एकदम ओरडले, आणि घाईघाईत सरसुद्धा मराठीतच.

गुंडूरावांनी खांदे उडवले, पुस्तक मिटलं आणि पळी पुठ्ठ्यावर रिकामी केली. मग वर एक तुळशीचं पान ठेवलं, आणि शलाका ते पान न पडू देता, प्रबंध ताटासारखा आडवा धरून, बसच्या दिशेने पळत सुटली.